टू-सीटरच्या नोंदी : ऑइल फिल्टर नेमका केवढा?

५ जानेवारी २०२५, रविवार

इंजिन मागच्या चौकटीवर बसलं. मी, भाचा, शेजारच्या गॅरेजचे उस्ताद आणि एक चेनपुली. दीड तास लागला. माउंटचा एक बोल्ट तिरका जात होता, तो उस्तादांनी एक शिवी आणि दोन हातोड्यांत सरळ केला.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासला, घरामागच्या शेडमध्ये दोन सीटची उघडी गाडी बांधतोय. पाइपची चौकट, फायबरची बॉडी आणि सीटच्या मागं आडवं इंजिन. इंजिन १७८१ सीसीचं टर्बो, चार सिलिंडरना वीस व्हॉल्व्ह, अपघातात गेलेल्या एका ऑक्टाविया आरएसमधून काढलेलं, १५० अश्वशक्तीचं. याच घराण्यातली इंजिनं पहिल्या पिढीच्या ऑडी टीटीत १८० आणि २२५ अश्वशक्तीची होती, त्यामुळे ‘स्पोर्ट्‌स कारचं इंजिन’ म्हणायला मला लाज वाटत नाही. आणि ऑक्टाविया आमच्या शेंद्र्यातच जोडली जायची. भाचा म्हणतो, ‘मामा, इंजिन गाववालंच आहे.’

गाडी सार्वजनिक रस्त्यावर जाणार नाही. घरी बांधलेल्या गाडीला पासिंग नाही, आणि त्यावर वाद घालण्याइतका वेळही मला नाही. मित्राच्या एन.ए. प्लॉटच्या ले-आउटमध्ये डांबरी रस्ते झालेत, घर एकही नाही. तिथंच फिरवायची.

आज सहज म्हणून यादी केली. वायरिंग, पाण्याचे पाइप, क्लच केबल. सगळ्यात खाली, सगळ्यात सोपं काम म्हणून लिहिलं : ऑइल फिल्टर आणणे.

११ जानेवारी, शनिवार

जुना फिल्टर काढला. काढला म्हणजे फाडला. पट्टापाना घसरत होता, जागा अडचणीची, शेवटी स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिरवला. डबा चुरगळला, काळं तेल माझ्या कोपरापर्यंत आणि भाच्याच्या नव्या बुटांवर.

या इंजिनात फिल्टर खाली लोंबतो, तोंड वर करून. त्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये ऑइल कूलर आहे. चपटा डबा, त्यातून रेडिएटरचं पाणी खेळतं. कूलरच्या मधोमध पोकळ बोल्ट खाली येतो, फिल्टर त्या बोल्टावर चढतो आणि त्याची रबर रिंग कूलरच्या सपाट तोंडावर दाबली जाते. हे तोंड पुसून टॉर्च मारली तर त्यावर एक काळं वळं. मला वाटलं खाच आहे. नखानं खरवडलं तर निघालं. जुनी रबर रिंग! आणि ती आत्ता काढलेल्या फिल्टरची नव्हे, त्याची त्याच्याकडे शाबूत होती. म्हणजे त्याच्याही आधीच्या फिल्टरची रिंग तोंडाला चिकटून राहिलेली आणि कुणीतरी न बघता त्यावरच नवा आवळलेला. रबरावर रबर. अशी जोडी दाब आला की कधीही सटकते आणि सगळं तेल रस्त्यावर. ती ऑक्टाविया या कारणानं बंद पडायच्या आधी अपघातात गेली, एवढंच.

व्हर्नियरची मापं : जुन्या फिल्टरचा व्यास ७६ मिलिमीटर, उंची ७९. रिंग आतून ६२, बाहेरून ७१. बोल्टाचे आटे बाहेरून १८.९.

संध्याकाळी स्पेअरच्या दुकानात चुरगळलेला डबा दाखवला. काउंटरवरच्या पोरानं तो हातात न घेताच खोकं पुढं केलं. ‘सेम टू सेम आहे काका.’

१२ जानेवारी, रविवार

नवा फिल्टर बोल्टावर चढवला. लोण्यासारखा फिरला. इतका लोण्यासारखा की बरं वाटेना. चांगले आटे बोटांना किंचित अडतात, हा मात्र गोल गोल नुसता पळत होता. अर्ध्यावर थांबून हलवून पाहिला तर डुलतोय.

लेथवाले मामा चहाला आले होते. मूळचे परभणीचे, चाळीस वर्षं लेथवर. त्यांना दाखवलं. ‘बसायलाय ना?’ म्हणाले. ‘बसायलाय म्हणल्यावर झालं की. आवळ अन् सोड.’

आवळला नाही. काढून डब्यात घातला, उद्या कंपनीत नेतो.

१३ जानेवारी, सोमवार (भोगी)

मी वाळूजला एका कंपनीच्या क्वालिटी विभागात आहे. जेवणाच्या सुट्टीत बाजरीची भाकरी नि भोगीची भाजी एका हातात, फिल्टर दुसऱ्या हातात, असा स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे मापं तपासायच्या खोलीत, गेलो. एम २० बाय १.५ चा (वीस मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर) प्लग गेज, म्हणजे आटे तपासायचा दांडा, घातला. ‘गो’ बाजू सरळ आत, ‘नो-गो’ बाहेरच. फिल्टर शंभर टक्के एम २० चा. फिल्टर म्हणून त्यात काही खोट नाही.

खोट माझ्या डोक्यात होती. बोल्ट १८.९ आला तेव्हाच ट्यूब पेटायला हवी होती. एम २० चा बोल्ट एकोणीसच्या खाली येणारच नाही. रात्री घरी आटे मोजायची कंगवी लावली : इंचाला सोळा आटे. म्हणजे पाऊण इंची, सोळा आट्यांचा यूएनएफ, बारीक इंची आटा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. फोक्सवॅगन घराण्याच्या पुष्कळ इंजिनांत हाच आटा असतो. होंडाच्या गाड्यांचा फिल्टर एम २० बाय १.५ चा, पोरानं दिलेला तसाच. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

उलटं असतं तर बरं झालं असतं. पाऊण इंची फिल्टर एम २० च्या बोल्टावर चढतच नाही, माणूस तिथंच थांबतो. पण एम २० चा फिल्टर पाऊण इंची बोल्टावर बिनबोभाट चढतो. हिशेब मांडला. बरोबर फिल्टर असेल तर बोल्टाचा आणि फिल्टरचा आटा एकमेकांत प्रत्येक बाजूनं ०.८६ मिलिमीटर घुसतो. हा चुकीचा घातला तर ०.३४. निम्म्याहूनही कमी. दोन आट्यांमधलं अंतर (पिच) एकाचं १.५८७५, दुसऱ्याचं १.५. पाच-सहा आट्यांत फरक अर्ध्या मिलिमीटरचा, तो त्या ढिलाईत जिरून जातो म्हणून हाताला लागत नाही. नुसत्या आट्यांच्या टोकांवर टोकं टेकलेली.

आता ओढ किती? रिंगच्या आतला व्यास ६२, म्हणजे तीस चौरस सेंटिमीटर. पाच बार दाब धरला तर दीडशे किलोहून जास्त जोर डब्याला खाली ढकलणार. सिमेंटच्या तीन गोण्या त्या टोकांना लटकवल्यासारखं. गार इंजिनाला रेस दिली की दाब याच्याही वर जातो.

मामांना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग, ‘तरीच तो डुलायलता.’ डुलताना त्यांनीही पाहिलं होतं तर!

१८ जानेवारी, शनिवार

फिल्टर परत. दुकानदार आधी नाराज, गेजचा फोटो दाखवल्यावर जरा उत्सुक. काउंटरमागच्या पोराला बोलावून कंगवी दाखवली. पोरानं माझ्याकडे नाही, कंगवीकडेच बघितलं. दिली त्याला, माझ्याकडे दुसरी आहे.

पाऊण इंची आट्याचे चार प्रकारचे फिल्टर घेऊन आलो. रिंग चारहींची सारखीच, ६२-७१.

अ : ७६ व्यास, ७९ उंच. जुन्यासारखा बुटका.
आ : ७६ व्यास, १२३ उंच. स्वस्तातला.
इ : तोच, ७६ बाय १२३, पण नावाजलेल्या कंपनीचा, आ च्या दुप्पट किमतीचा.
ई : ९३ व्यास, १४२ उंच. डिझेलवाल्यांचा गडगंज डबा. वापरला नाही तर परत घेण्याच्या बोलीवर.

चारही बसतात. म्हणजे आता ‘बसतो का’ हा प्रश्न संपला आणि खरी डोकेदुखी सुरू झाली.

१९ जानेवारी, रविवार

काम नाही. पैठण रोडला मेव्हण्याच्या शेतात हुरडा.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन, मग फिल्टर कापले. अ, आ आणि इ. (अ आणि इ चे दोन-दोन आणले होते, एकेक बळी दिला.) हॅकसॉने कापायचं नाही, लोखंडाचा कीस आत पडतो आणि मग घाण फिल्टरची की आपली ते कळत नाही. मामांनी लेथवर धरून पातळ टूलनं टोपणासारखे उघडून दिले. एकेक उघडताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. चाळीस वर्षांत हजारो फिल्टर पाहिले, आतून पहिल्यांदाच.

आतला कागद घड्या मोजून, उलगडून मापला.

अ : ५२ घड्या, कागदाची उंची ५०, घडीची खोली १२. क्षेत्रफळ ६२४ चौरस सेंटिमीटर.
आ : ४४ घड्या, उंची ८८, खोली तीच. ९२९.
इ : ६८ घड्या, बाकी तसंच. १४३६.

आ आणि इ बाहेरून जुळे भाऊ. डब्याची मापं मिलिमीटरला मिलिमीटर. आत मात्र एकाला दीडपट कागद. आ मध्ये दोन घड्यांच्या मध्ये माझी करंगळी जात होती. घड्यांचे शेवट जोडायला त्यात पत्र्याची चिमटी होती आणि ती एका ठिकाणी उघडी. तिथून तेल सरळ पलीकडे जाणार, कागदाला नमस्कारही न करता.

आ च्या खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘९९% शुद्धता’. कशाच्या? ९९ टक्के खडी तर पिठाची चाळणीही अडवते. किती मायक्रॉनचा कण, हे सांगितल्याशिवाय त्या टक्क्याला अर्थ नाही. आयएसओ ४५४८-१२ नावाची चाचणी आहे, त्यात ठरावीक धूळ मिसळलेलं तेल फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवतात आणि कोणत्या आकाराचे कण किती अडले ते मोजतात. इ च्या कंपनीच्या कागदात तिचा उल्लेख आहे. आ च्या खोक्यावर नारळाच्या झाडाचं चित्र आहे. का, ते विचारू नका.

दुपारी बायकोचा लाडवांचा डिजिटल वजनकाटा उसना घेतला. दहा किलोपर्यंतचा. ‘तेलाचा डाग दिसला तर बघा,’ या अटीवर. त्यावर प्लॅस्टिक अंथरलं.

कशासाठी, तर बायपास व्हॉल्व्हसाठी. फिल्टरच्या पोटात स्प्रिंगवर दाबून ठेवलेली एक चकती असते. तेल गार नि घट्ट असेल, किंवा कागद तुंबला असेल, तर कागदाच्या अलीकडचा दाब वाढतो, चकती उघडते आणि तेल न गाळता पुढं जातं. बेअरिंग कोरडं राहण्यापेक्षा घाणेरडं तेल परवडलं, हा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. पण ती चकती किती दाबाला उघडावी हे इंजिन ठरवतं, डब्याचा आकार नाही. या इंजिनाच्या फिल्टरला तो दाब अडीच बारच्या आसपास हवा.

व्हॉल्व्ह काट्यावर उभा ठेवला, ड्रिल मशीनच्या स्टँडमध्ये आठ मिलिमीटरची सळई धरली आणि हँडल हळूहळू खाली आणलं. चकती हलते तो क्षण भाचा बघणार, आकडा मी. चकतीची बैठक १६ मिलिमीटर, म्हणजे दोन चौरस सेंटिमीटर. आ ची चकती २.१ किलोला हलली. पाच वेळा केलं, २.० ते २.२. म्हणजे जेमतेम एक बार. इ ची ४.९ किलोला. २.४ बार.

एक बार म्हणजे आमच्या जानेवारीच्या सकाळी, शेडमध्ये ११ अंश असताना, स्टार्टर मारल्यापासून तेल गरम होईपर्यंत तो व्हॉल्व्ह उघडाच राहणार. वर रेस दिली की पुन्हा उघडा. आमच्या बीड बायपाससारखंच. केला होता गावाबाहेरची वाहतूक गावाबाहेरून काढायला, आता अख्खं गावच त्यावरून जातं.

आ बाद. अ चा व्हॉल्व्ह ठीक निघाला, ४.७ किलो, पण कागद निम्म्याहून कमी, आणि त्याच्या आतली काळी रबरी झडप नखानं वाकवली तर कडक. ती झडप गाडी बंद असताना तेल मागं उतरू देत नाही. माल बहुतेक दुकानात वर्षानुवर्षं पडून होता. इ ची झडप केशरी सिलिकॉनची, चिमटीत घडी केली तरी उसळते. टर्बोच्या शेजारी आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात मला सिलिकॉनच हवं.

काटा धुऊन परत दिला. डाग नव्हता. तरी ऐकून घेतलंच.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिला स्टार्ट. इ लावून.

फिल्टरचं तोंड वर असल्याचा फायदा : लावायच्या आधी तेलानं भरता येतो. हळूहळू ओतलं, कागद पिऊ दिला, पुन्हा ओतलं. सुमारे चारशे मिलिलिटर गेलं. रिंगला बोटानं तेल, तोंड दोनदा पुसून, रिंग टेकल्यापासून हातानंच पाऊण फेरा. पान्याला हात लावला नाही. उस्ताद म्हणाले, ‘थोडा और कसो.’ म्हटलं, नको, मागच्यानं तेच केलं होतं.

इंजेक्टरचा फ्यूज काढून नुसता स्टार्टर मारला. तीन सेकंदांत दाबाची सुई उठली. नंतर मुद्दाम रिकामा अ लावून पाहिलं तर सहा सेकंद. डबा बुटका असूनही. रिकामा मोठा डबा अर्थातच त्याहून वेळ खाईल.

फ्यूज लावून चालू केलं. आवाजाबद्दल काही लिहीत नाही, शेजाऱ्यांचं मत वेगळं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

माझ्यातला हावरट जागा झाला. इ उत्तम आहे हे ठरलं, तरी ई डोळ्यांसमोर होताच. मोठा डबा, जास्त तेल, जास्त कागद. बसतोय, तर मोठाच का नको?

ई चढवला. फिल्टरचं पोट आणि सीटमागच्या आडव्या पाइपमध्ये ६ मिलिमीटर फट. उभ्या गाडीत सहा म्हणजे पुष्कळ. पण इंजिन रबरी माउंटवर बसलंय, ॲक्सिलरेटर दाबला की ते अंग वळवतं. किती, हे डोळ्यांनी दिसत नाही.

मुलीची क्ले घेतली. गुलाबी. जाडसर लाडू करून फिल्टरच्या पोटावर चिकटवला, पाइपाला टेकेल असा. न्यूट्रलमध्ये दोन-तीन रेस दिल्या. बंद करून बघितलं तर क्ले एक मिलिमीटरची चपाती झालेली. मग हँडब्रेक ओढून, चाकांना विटा लावून, पहिल्या गिअरात क्लच किंचित सोडला. यावेळी क्ले मधून फाटलेली आणि फिल्टरच्या रंगावर पाइपाचा चंदेरी ओरखडा.

म्हणजे लागतो. ले-आउटवर दहा-वीस वेळा जोरात सुटलो असतो तर पाइपानं त्या पत्र्याच्या डब्याला भोक पाडलं असतं, आणि तेल सरळ गरम टर्बोच्या दिशेनं.

इ पुन्हा लावून हेच केलं. त्याचा व्यास १७ नं कमी, म्हणजे फट साडेचौदा. क्लच सोडूनही साडेसहा मिलिमीटर क्ले शिल्लक.

खालूनही मोजलं. इ चा तळ ऑइल चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) तळापेक्षा २२ मिलिमीटर वर आहे, ई चा फक्त ३. ले-आउटच्या फाटकाजवळ स्पीडब्रेकर आहे. नियमानं तो १० सेंटिमीटर उंच असायला हवा. हा बांधणाऱ्याच्या मनाप्रमाणे आहे.

ई परत. ओरखड्यामुळे दुकानदारानं शंभर रुपये कापले. योग्यच केलं.

गुलाबी क्ले अजून पाइपावर चिकटलेली आहे. मुलगी म्हणते, गाडीला बिंदी.

१६ फेब्रुवारी, रविवार

वायरिंग. नोंदवण्यासारखं काही नाही, शिव्या सोडून.

९ मार्च, रविवार

ले-आउटवर पहिली चक्कर. टोचन करून नेली. ३००० आरपीएमला दाब ३.८ बार, छान. पण कोपऱ्यावरच्या लांबलचक उजव्या वळणावर सुई एकदम एकवर आली, वळण संपताच पुन्हा वर. तीनदा केलं, तीनदा तेच.

भाचा : ‘मामा, मोठा फिल्टर असता तर तेलाचा साठा राहिला असता.’

नाही राहिला असता. फिल्टर पंपाच्या पुढं आहे. वळणात चेंबरमधलं तेल एका भिंतीला जाऊन उभं राहतं, पंपाची सोंड उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. पुढचा डबा बादलीएवढा असला तरी मागून हवाच येणार. वळणाचं दुखणं चेंबरमध्ये आहे, तिथं आडपडदे लावावे लागतील. त्या वळणावर बेअरिंगचं आयुष्य उगाच घालवायचं नाही म्हणून सरळ रेषेत दोन फेऱ्या मारून घरी.

२३ मार्च, रविवार

काल-आज चेंबर खाली. सोंडेभोवती पत्र्याची चौकोनी पेटी, तळाशी तेल आत येऊ देणाऱ्या आणि बाहेर जाऊ न देणाऱ्या दोन झडपा. मामांनी वेल्डिंग सुरेख केलं, पाणी भरून रात्रभर ठेवलं, थेंब नाही. या इंजिनाच्या चेंबरला गॅस्केट नसतं, सीलंट लावून बसवायचं. ट्यूब हाताशी होती. सढळ हातानं लावलं.

३० मार्च, रविवार (पाडवा)

गुढी. गाडीला हार, चारही चाकांखाली लिंबं. उजव्या वळणावर सुई आता अडीचच्या खाली येत नाही. श्रीखंड.

१३ एप्रिल, रविवार

शेडमधला थर्मामीटर ४१. वीस मिनिटं सलग पळवल्यावर तेल ११८ अंश, आयडलला दाब १.४ बार. थंडीत हाच दोनच्या वर होता. मामा म्हणाले, ‘वीस-पन्नास टाक, उन्हाळाय.’ नको. ५डब्ल्यू-४० हे पातळ तेल आहे तेच. घट्ट तेलानं गेजवर आकडा छान दिसतो, पण सकाळी तेच तेल बायपास उघडून जातं. वजनकाट्यावर एवढी मेहनत केली ती कशासाठी?

कूलरचं पाणी नीट फिरतंय का ते आधी बघतो. एका पाइपात हवा अडकली होती. काढली. १०९.

२७ एप्रिल, रविवार

इंजिन एकोणीस तास चाललं. नव्या कामानंतरचं पहिलं तेल लवकर बदलायचं असं ठरलं होतंच. इ काढला, मामांकडे नेऊन उघडला, कागद पांढऱ्या ताटलीत उलगडला.

लोहचुंबक फिरवला. अगदी बारीक राखाडी पावडर, चिमूटभरही नाही. चमकणारे कण नाहीत. बेअरिंग शाबूत. भाच्यानं टाळी मागितली.

मग चौदाव्या-पंधराव्या घडीत काहीतरी लवचीक लागलं. चिमट्यानं ओढलं. राखाडी, शेवयांसारखं, दोन सेंटिमीटर लांब. मग आणखी एक. अशा सात निघाल्या.

सीलंट. माझंच. सढळ हाताचं.

फिल्टरमध्ये सात सापडल्या म्हणजे फिल्टरनं आपलं काम केलं. पण तेल फिल्टरला येण्याआधी पंपाच्या सोंडेतून येतं, आणि सोंडेला जाळी आहे. जाळीतून सुटले ते फिल्टरला आले. जे सुटले नाहीत ते?

एप्रिलमधला तो १.४ मी सगळा उन्हाच्या नावावर टाकला होता.

४ मे, रविवार

चेंबर पुन्हा खाली. जाळीवर तीन शेवया आणि एक बोटाच्या पेराएवढा गोळा. जाळीचा जवळपास पाव भाग झाकलेला.

चेंबरची कड ब्लेडनं, मग थिनरनं स्वच्छ केली. आत बघितलं तर कडेच्या आतल्या बाजूनं सीलंटची पिळून निघालेली रांगच रांग, काही टोकं तुटलेली, काही तुटायच्या बेतात. सीलंटची तार दोन-तीन मिलिमीटर जाड हवी, बोल्टाच्या भोकांच्या आतून, त्याहून जाड नाही. मी मेंदीच्या कोनासारखं लावलं होतं. यावेळी नळीचं टोक अडीच मिलिमीटरला कापलं आणि मुलीला लावायला दिलं. तिचा हात स्थिर आहे.

रात्रभर वाळू दिलं.

५ मे, सोमवार

कंपनीला जायच्या आधी तेल भरलं, नवा इ तोंडापर्यंत भरून लावला, पाऊण फेरा. डब्यावर मार्करनं तारीख आणि तास. स्टार्टर, तीन सेकंद. आयडलला गरम दाब १.९.

दुकानातून येताना काउंटरवरच्या त्या पोराला भेटलो होतो. त्याच्या शर्टाच्या खिशाला कंगवी लटकलेली. कुणाच्या तरी फिल्टरमध्ये ती घालून बघत होता, गिऱ्हाइकाकडे लक्षही नव्हतं.